न्यूटनचे कुरण : एका उदाहरणाची चिकित्सा

आयझॅक न्यूटनचा ‘अरिथ्मेटिका युनिव्हर्सॅलिस’ हा बीजगणितावरील ग्रंथ १७०७ साली प्रसिद्ध झाला. त्यातील बैल व कुरण यांचे उदाहरण पुढे अनेक पाठ्यपुस्तकांनी उचलले. ते असे : १२ बैल ३⅓ एकर कुरण ४ आठवड्यांत चरून संपवितात, २१ बैल तशाच प्रतीचे १० एकर कुरण ९ आठवड्यांत संपवितात, गवत एकसारख्या वेगाने वाढत असल्यास २४ एकर कुरण १८ आठवड्यांत किती बैल संपवितील?

नुसते त्रैराशिक येथे लंगडे पडते. पहिल्या विधानावरून १९.२, तर दुसऱ्यावरून २५.२ बैल असे उत्तर निघते. हा विसंवाद म्हणजेच चराई चालू असता फुटलेले नवे गवत होय. मूळ साठा व वाढ या दोन राशी पृथक् मानणे, हेच या उदाहरणाचे खरे मर्म. एका बैलाचा आठवड्याचा चारा हे एकक धरल्यास एकरी साठा १०.८ व एकरी साप्ताहिक वाढ ०.९ एकके येते. २४ एकरांत प्रारंभी २५९.२ एकके असतात व १८ आठवड्यांत ३८८.८ एककांची भर पडते. या ६४८ एककांस १८ आठवड्यांनी भागले असता ३६ बैल हे उत्तर मिळते.

गणित निर्दोष आहे. परंतु शेवटच्या आठवड्याकडे पाहिले म्हणजे गृहीतकातील उणीव उघड होते. त्या आठवड्याच्या आरंभी कुरणात अवघी १४.४ एकके उरलेली असतात, आणि तरीही वाढ मात्र पूर्वीप्रमाणेच २१.६ एककांची होते. पहिल्या आठवड्यात साठ्याच्या एक-द्वादशांश असलेली वाढ अखेरीस साठ्याच्या दीडपट ठरते. गवताची पाती खुडली गेली, की अन्न निर्माण करणारे अंगच घटते, ही गोष्ट या समीकरणास ठाऊक नाही.

याचा दोष न्यूटनकडे जात नाही; वाढ एकसारखी असल्याची अट त्याने स्पष्टपणे घातली आहे. दोष आहे तो, ती अट विसरून या हिशेबास कुरणाचे शास्त्र मानण्यात. या रीतीने २४ एकरांवर २१ बैल कायमचे पोसले जातील, मग आरंभी गवत कितीही असो. इमॅन्युएल नॉय-मेइर याने १९७५ साली वाढ व चराई यांचे वक्र एकत्र मांडून केलेले विवेचन याच्या नेमके विरुद्ध जाते. वाढ साठ्यावर अवलंबून असेल, तर अत्यल्प गवतावर ती मंद, मध्यम साठ्यावर सर्वाधिक व दाट कुरणात पुन्हा मंद होते. अशा स्थितीत तेवढीच गुरे एका कुरणावर सुखाने पोसली जातात, तर साठा विशिष्ट मर्यादेखाली गेलेले तसलेच दुसरे कुरण उजाड करतात.

सारांश, गुरांची संख्या व कुरणाचे क्षेत्र एवढ्यावरून चराईची मर्यादा ठरविता येत नाही. मागे किती गवत उरले, हेही मोजावे लागते. न्यूटनचे उदाहरण साठा व वाढ यांतील भेद शिकविते, आणि त्यासाठी ते अवश्य शिकवावे. परंतु त्या दोहोंमधील संबंध त्याच्या कक्षेबाहेरचा आहे, हेही त्याच तासाला सांगितले पाहिजे.