डॉ. जॉन विल्सन यांचे चरित्र : एक पुनर्विचार

रेव्हरंड डॉ. जॉन विल्सन (१८०४–१८७५) यांचे जॉर्ज स्मिथकृत इंग्रजी चरित्र १८७८ मध्ये प्रसिद्ध झाले. विल्सन महाविद्यालयाच्या या संस्थापकाविषयी लिहू पाहणाऱ्याला आजही प्रथम याच ग्रंथाकडे वळावे लागते. पत्रे व रोजनिशी यांतील विपुल उतारे हे त्याचे खरे धन होय. तथापि ग्रंथाच्या शीर्षकापासूनच अडचण सुरू होते. ‘पन्नास वर्षे पौर्वात्य देशांतील लोकहितकर्ता व पंडित’ अशा अर्थाची पदवी तेथे चरित्रनायकास दिली आहे. विल्सन मुंबईस आले ते १८२९ मध्ये. पन्नास वर्षे भरत नाहीत, ही बाब किरकोळ मानू. परंतु ‘धर्मोपदेशक’ हा शब्द तेथे नाही, हे मात्र किरकोळ नव्हे.

विल्सन यांचे पांडित्य आणि धर्मप्रचार ही दोन निराळी दालने नव्हती. मोरभट दांडेकर यांच्या ‘श्रीहिंदुधर्मस्थापना’ (१८३१) या पुस्तकास त्यांनी १८३२ मध्ये उत्तर दिले आणि त्याच्या आरंभी भटजींच्या पुस्तकाचे भाषांतर छापले. प्रतिपक्षाचे म्हणणे आधी मांडावे व मग त्याचे खंडन करावे, ही आपल्याकडील पूर्वपक्ष-उत्तरपक्षाची रीत त्यांनी पाळली असे दिसते. पारशी धर्मावरील त्यांचा १८४३ चा ग्रंथही वादातूनच जन्मला.

शिक्षणसंस्थेची कथा याहून बिकट आहे. १८३२ मध्ये सुरू झालेली शाळा वाढत असतानाच १८३९ मध्ये दोन पारशी विद्यार्थ्यांनी बाप्तिस्मा घेतला. प्रकरण न्यायालयात गेले आणि पारशी मुलांनी शाळा सोडली. १८४३ मध्ये श्रीपत शेषाद्रि या अल्पवयीन मुलाला न्यायालयाने पित्याच्या हवाली केले. विल्सन त्या वेळी रजेवर होते. पण संस्था त्यांचीच होती. श्रीपतीच्या शुद्धीसाठी बाळशास्त्री जांभेकर पुढे आले आणि मराठी समाजातच मोठा वाद पेटला. ज्या वर्गात नवी विद्या मिळे, त्याच वर्गाची पालकांना धास्ती वाटे. विल्सन यांच्या कार्यातील मर्माचा प्रश्न हाच आहे.

असे असूनही १८६८ मध्ये हेच गृहस्थ मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. हा विश्वास त्यांनी कसा संपादन केला? केवळ सौजन्याने, असे म्हणणे पुरेसे नाही. ते येथील लोकांशी त्यांच्या भाषेत वाद घालीत, त्यांचे ग्रंथ वाचीत आणि उत्तराची अपेक्षा ठेवीत. विरोधकाला वादयोग्य मानणे हाही आदराचाच एक प्रकार आहे. मात्र मूल गमावण्याच्या भीतीने व्याकूळ झालेल्या बापाला त्या आदराचा काय उपयोग, हेही विचारलेच पाहिजे.

स्मिथ यांचा ग्रंथ चरित्रनायकाच्या कागदपत्रांवर उभा आहे. त्यामुळे दांडेकर किंवा श्रीपतीचे वडील त्यात विल्सन यांच्या बाजूनेच दिसतात. तत्कालीन मराठी पुस्तके व वृत्तपत्रे शेजारी ठेवून हे चरित्र वाचल्यास नायकाची उंची कमी होणार नाही. उलट त्याच्यासमोर उभी असलेली माणसे प्रथमच पूर्ण उंचीने दिसतील.