बाकड्याच्या कडेचे तिघे

गेल्या हिवाळ्यात शेजारच्या गावी सातेरीच्या जत्रेला दशावतार बघत होतो. रात्रीचे दोन वाजून गेले होते. खाज्याच्या दुकानांवर ताडपत्र्या पडल्या होत्या, पुढच्या चटयांवर पोरं जागच्या जागी झोपली होती. बाकड्यावर राजा बसलेला, आणि वाईट बातमी घेऊन येणारा प्रधान काही येईना. प्रधान करणाऱ्या नटालाच आधी ऋषी करायचा होता आणि दाढी उतरायला वेळ लागत होता, हे पडद्याच्या फटीतून आम्हाला दिसत होतं. राजाने उठून दोन येरझाऱ्या घातल्या आणि राणीच्या कुठल्याशा व्रताची हकीकत सुरू केली. त्या आख्यानात असलं व्रत कुठेच नव्हतं. बोलता बोलता आवाज चढत गेला, शेवटचा शब्द लांबला आणि त्या लांबलेल्या शब्दाचंच पद झालं. सूर कुणी सांगितलेला नव्हता, पण पेटीवाल्याचं बोट आधीच तिथे होतं. राजा बोलत असतानाच तो एक पट्टी दाबून, भाता अगदी हलका ठेवून बसला होता. मृदंगवाला दोन ओळी गप्प राहिला. तिसऱ्या ओळीला समेवर त्याने एकच थाप दिली आणि त्या थापेने झांजेचा पोरगा जागा झाला. माझ्या बाजूचे आजोबा पानाला चुना लावता लावता म्हणाले, "पेटीवाल्यान राखल्यान हां." राजाबद्दल ते काहीच बोलले नाहीत.

दशावतारावर मराठीत कमी लिहिलं गेलेलं नाही. तो आडिवऱ्याच्या काळ्यांनी आणला की आणखी कुणी, यक्षगानाशी त्याचं नातं सख्खं की चुलत, यावर पानंच्या पानं खर्ची पडली आहेत. बाबी नालंग, बाबी कलिंगण, सुधीर कलिंगण यांच्या भूमिकांच्या आठवणी इकडे कोकणात घरोघर निघतात. गेल्या वर्षी, २०२५ साली, दिलीप प्रभावळकरांचा 'दशावतार' चित्रपट आला आणि पुण्या-मुंबईची माणसंही जत्रेची तारीख विचारू लागली. या सगळ्यात पेटी, मृदंग आणि झांज घेऊन बाकड्याच्या कडेला बसलेल्या तिघांच्या वाट्याला 'संगीत साथ' एवढे दोन शब्द येतात. माझं म्हणणं असं, की दशावताराची आजची प्रकृती बघायची तर नाडी या तिघांची धरावी.

या तिघांना ऐकायला मी शिकलो ते जत्रेत नव्हे, म्हापशाला एका मित्राच्या घरी. गोव्यात जॅझ ऐकणारी घरं अजून आहेत. तिथल्या चर्चच्या शाळांतून स्वरलिपी शिकलेली माणसं मुंबईच्या हॉटेलांत आणि सिनेमाच्या वाद्यवृंदांत वाजवत होती, आणि ब्राझ गोन्साल्विस यांच्यासारखा सॅक्सोफोनवादक याच मातीतला. मित्राने सॅक्सोफोनवादक सनी रॉलिन्सची १९५७ची रेकॉर्ड लावली. न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या तळघरातल्या क्लबमध्ये नोव्हेंबर महिन्यात झालेलं वादन. सॅक्सोफोन, बास आणि ड्रम्स, बस्स. पियानो नाही. पियानो असला की तो स्वरसमूहांची चौकट घालून देतो आणि सॅक्सोफोनने त्या चौकटीत फिरायचं असतं. तो काढून टाकला की भिंतीच नाहीत. मग बासवाल्याने खाली कुठला स्वर ठेवला त्यावर वरच्या स्वराचा अर्थ ठरतो, आणि ड्रमवाल्याने कुठे जागा सोडली त्यावर पुढचं वाक्य. पुढे १९६४मध्ये अल्बर्ट आयलर, गॅरी पीकॉक आणि सनी मरे या तिघांनी ठरावीक लयसुद्धा सोडून दिली. मरेची झांज मात्रा मोजतच नाही, किनाऱ्यावर पाणी सरकत राहावं तशी सरकत राहते. पहिल्यांदा ऐकून मी मित्राला म्हटलं होतं, हे लोक भांडतायत. दुसऱ्या खेपेला लक्षात आलं, की भांडायलाही समोरच्याचं नीट ऐकावं लागतं.

हा रॉलिन्स साठच्या दशकाच्या अखेरीस पवईच्या आश्रमात येऊन राहिला होता आणि १९७८च्या मुंबईतल्या पहिल्या जॅझ यात्रेत वाजवूनही गेला. पवईहून कोकणात उतरला असता आणि एखादी जत्रा त्याने बघितली असती तर, असले विचार करायला मला आवडतं. दशावतार म्हणजे आपला जॅझ, असं एक वाक्य अलीकडे उत्साही लोकांच्या तोंडी असतं. मला ते पटत नाही. आयलरच्या तिघांपुढे सांभाळायला दुसरं कुणी नव्हतं. आपल्या तिघांपुढे नट आहे, आख्यान आहे, आणि पहाटे दहीकाला व्हायलाच हवा हे बंधन आहे. साम्य आहे ते एकाच ठिकाणी, पुढच्या क्षणी काय येणार हे माहीत नसताना हात तयार ठेवण्यात.

दशावताराला लिहिलेली संहिता नसते. रंगपटात पेटाऱ्याची पूजा झाली की जाणता नट आख्यान सांगतो. तू अमुक, तू तमुक, आधी कोण, मागाहून कोण, युद्ध कुठे, शेवट कसा. बाकीचं बोलणं ज्याचं त्याने करायचं. शेजारच्या यक्षगानात भागवत बसलेला असतो. पद तो गातो, खेळ तो हाकतो, चंडे-मद्दळे त्याच्याकडे बघतात. आपल्याकडे आख्यान रंगात आलं की असा हाकणारा नसतो. पद नट स्वतः म्हणतो आणि तेही मनाला येईल तेव्हा. त्यामुळे पुढारपण फिरत राहतं. बोलणं लांबलं तर नटाकडे, पद सुरू झालं की पेटीकडे, तलवारी निघाल्या की मृदंगाकडे.

पेटीवाल्याचं काम बाहेरून वाटतं तेवढं सोपं नाही. आकाशवाणीने १९४० ते १९७१ अशी तीस-एकतीस वर्षं हार्मोनियमला दार बंद ठेवलं, कारण तिच्यात मींड नाही आणि तिचे स्वर कापून मांडल्यासारखे. आक्षेप खरा आहे. पण जत्रेत त्याच कापलेल्या स्वरांनी रात्र तरते. हंगामात एकामागून एक रात्री जागून नटाचा गळा बसलेला असतो. मार्गशीर्षात काळी दोनमध्ये गाणारा माणूस शिमग्यापर्यंत काळी एकला उतरतो, आणि उतरलोय हे त्याचं त्यालाही कळत नाही. चांगला पेटीवाला ते बोलण्यावरूनच ओळखतो. आता खालची पट्टी सरकवून सूर बदलणाऱ्या पेट्या आल्या आहेत, सोय आहे. मात्र पद तोंडातून निघाल्यावर पट्टी सरकवायला वेळ कुठला? तिथे बोटांनाच सगळ्या पट्ट्या पाठ हव्यात. जुनी पायपेटी होती तेव्हा भाता पायाने चाले आणि दोन्ही हात मोकळे असत. उजव्याने नटाच्या मागे जायचं आणि डाव्याने आधार धरून ठेवायचा. म्हणजे सॅक्सोफोन आणि बास एकाच माणसाकडे. हातपेटी उचलायला हलकी, पण तो डावा हात गेला तो गेला.

मृदंगाचं मला सर्वांत जास्त अप्रूप. डाव्या तोंडाला ओली कणीक थापायची, त्यावर खर्ज अवलंबून. कणीक वाळत चालली की आवाज चढतो, म्हणून वाजवणारा अधूनमधून बोट ओलं करून फिरवतो. उलट पहाटेचं दव पडलं की उजवी पुडी उतरते, मग गठ्ठ्यांवर हातोडी. राजा-राणी बोलत असताना, त्यांच्या वाक्यांच्या फटीत ती टक्टक् बसवणारे मृदंगवाले मी पाहिलेत, हातोडीसुद्धा प्रवेशाचा भाग होऊन जाते. इकडे मृदंगाला तोटा नाही. डबलबारी भजनांनी घराघरांत पखवाज नेला आहे, क्लास निघाले आहेत, बारा-तेरा वर्षांची पोरं काय तयारीने वाजवतात. आणि माझी तक्रार नेमकी तिथेच आहे. बारीत समोरच्या बुवावर मात करायची असते, टाळी वसूल करायची असते, त्यासाठी तिहाया-चक्रदार घोटून आणलेले असतात. तोच हात दशावतारात आला की रिकामी जागा दिसली रे दिसली, भरलीच. सावित्री रडत असते आणि मृदंग आपली तयारी दाखवत असतो. लोक टाळ्या देतात, सावित्रीची मात्र पंचाईत होते. हातात सगळं असून दोन ओळी गप्प बसणं क्लासात शिकवत नसावेत.

झांजेबद्दल कुणीच बोलत नाही. रंगपटातला मोकळा पोरगा धरून बसवायची ही जागा, असा समज आहे. खरं तर आपल्या तिघांत मोजणारी तीच. सनी मरेने जे सोडून दिलं ते आपल्याकडे झांजेने धरून ठेवायचं असतं, म्हणून तर बाकीचे दोघे मोकळे. युद्धात दोन नट गिरक्या घेत लय वाढवत नेतात आणि एकाएकी थांबतात. तो थांबा झांज आधी ओळखते. ती अर्धी मात्रा चुकली तर तलवार हवेत आणि राक्षस अजून नाचतोय.

बाकी परिस्थिती काय आहे? कंपन्या भरपूर आहेत, हंगाम भरगच्च आहे, नटाला नाईट पूर्वीपेक्षा बरी मिळते. संयुक्त दशावतार नावाचा तिकिटाचा प्रकार रुजला, त्यात निरनिराळ्या कंपन्यांतले गाजलेले नट एका रात्रीत एकत्र येतात. चांगल्या नटांची जुगलबंदी ऐकायला मलाही आवडते. पण वेळ बांधलेली असल्याने पहिला घाव आख्यानाआधीच्या आडदशावतारावर. गणपती, रिद्धी-सिद्धी, भटजी, सरस्वती, संकासूर हे सगळं उरकून टाकायचं किंवा गाळायचंच. त्यात विधी म्हणून काय गेलं ते जाणकारांनी सांगावं. मला कळतं ते एवढंच, की काळ्या बुरख्यातून लाल जीभ काढून येणारा संकासूर मालवणीत वाटेल ते बोलायचा, गावच्या सरपंचापासून पेटीवाल्यापर्यंत कुणाचीही फिरकी घ्यायचा, आणि त्या तासाभरात तिघांचे कान एकमेकांना लागायचे. तो सराव न होता आता थेट कैलासात उडी.

ट्रिकसीनवर अनेकांचा राग आहे. माझा तितका नाही. गणपतीच्या तोंडातून धूर काढायचा तर काढा, नागाचे डोळे लुकलुकवा, लोकनाट्याने कायमच हाताला लागेल ते वापरलंय. अडचण वेगळी. ट्रिकची वेळ ठरलेली असते. अमुक वाक्याला बटण दाबायचं म्हटलं की ते वाक्य अमुकच असावं लागतं, मग त्याच्या आधीची चार वाक्यंही ठरतात. संहिता अशी मागच्या दाराने येते. गडगडाट ऑक्टोपॅडवर आला आणि मृदंगाने वीज पाडायची राहिली.

सर्वांत मोठी गोची मात्र ध्वनिक्षेपकाची, आणि तिच्याबद्दल ओरड सर्वांत कमी. पूर्वी नटाचा आवाज थेट कानावर पडे. आता माइकमधून गेलेला आवाज प्रेक्षकांकडे तोंड केलेल्या भोंग्यांतून बाहेर पडतो आणि कडेला बसलेल्या तिघांना तो उसना, देवळाच्या भिंतीवरून परतलेला ऐकू येतो. एक लहान स्पीकर वादकांकडे वळवून ठेवला तर भागतं, पण साउंडवाल्याला ते सांगणार कोण? नटाचा श्वास ऐकू आला नाही तर पद कधी निघणार हे कळत नाही. मग धोका नको म्हणून पदं आधीच ठरतात, चालीही ठरतात, बहुतेक वेळा गाजलेल्याच. मोबाइलवर तीन-चार मिनिटांचा तुकडा म्हणून ती झकास दिसतात. जिथे राजा अडखळला आणि तिघांनी त्याला उचललं तो भाग कुणी मोबाइलवर टाकत नाही. तो अडखळलेला भाग असतो ना.

तरीही लहान जत्रा चुकवू नका असं मी सांगत असतो. मोठ्या नावांची कंपनी जिथे परवडत नाही, साउंडवाला अर्ध्या रात्री झोपलेला असतो आणि समोर पन्नास माणसं उरलेली असतात, तिथे अजून हे ऐकायला मिळतं. दर वेळी मिळतं असंही नाही. तीन जत्रांत मी नुसताच थंडीत कुडकुडून परत आलो.

सातेरीच्या जत्रेतला तो प्रधान अखेर आला, कानाजवळ दाढीचा एक केस तसाच चिकटलेला. उजाडता उजाडता दहीकाला झाला, हंडी फुटली, लोक चपला शोधू लागले. राजा मुकुट काढून पेटारा भरायला वाकला होता. रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा, ही म्हण इथलीच. पेटीवाला चहा पीत होता. मृदंगवाल्याने वाळलेली कणीक नखाने खरवडून काढली आणि देवळामागे नेऊन टाकली. तिथे दोन कोंबड्या आधीपासूनच वाट बघत उभ्या होत्या.