बाबिलोनच्या वास्तु व त्यांचे साक्षी

प्राचीन बाबिलोनचे तट, तेथील उंच मनोरा व झुलत्या बागा यांविषयीं आपल्याकडील पुस्तकांतून जें वाचावयास मिळतें, तें बहुतांशीं ग्रीक ग्रंथकारांच्या लेखांवरून उचललेलें असतें. त्यांत अद्भुताचा आनंद आहे, यांत शंका नाहीं. परंतु इतिहासाच्या अभ्यासकास तेवढ्यावर थांबतां येत नाहीं. ज्या वास्तूची लांबीरुंदी सांगितली आहे ती कोणीं मोजली, कोणत्या मापानें मोजली, व सांगणारा स्वतः तेथें उभा होता काय, हे प्रश्न विचारल्यावांचून पुढें पाऊल टाकणें योग्य नव्हे. पोथी हातीं आली म्हणजे तिचा लेखक, तिचा शक व तिची मूळ प्रत यांची चौकशी आमचे वाचक करतात. तशीच चौकशी वास्तूच्या वर्णनाचीहि झाली पाहिजे. बाबिलोनचा तट, मनोरा, बाग व वेस या चार प्रसिद्ध वास्तूंच्या संबंधानें ती चौकशी येथें करण्याचें योजिलें आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत इतकेंच कीं, तेथील वीट हीच पहिली साक्षीदार होय. मात्र ती आपल्या जागीं आहे तोंपर्यंतच तिच्या साक्षीस पूर्ण किंमत आहे.

प्रथम त्या देशाची अडचण लक्षांत घेतली पाहिजे. युफ्रेटीस व टायग्रिस या नद्यांच्या गाळानें बनलेल्या त्या सपाट प्रदेशांत इमारतीचा दगड नाहीं, व मोठ्या तुळया निघतील असें लांकूडहि नाहीं. आहे ती माती, बोरू आणि हीत गांवच्या झऱ्यांतून मिळणारें डांबर. म्हणून उन्हांत वाळवलेल्या कच्च्या विटांचें भरींव अंग व त्याभोंवतीं भट्टींत भाजलेल्या विटांचें कवच, ही तेथील मोठ्या इमारतींची रीति ठरली. आज त्या वास्तु मातीच्या ढिगांसारख्या दिसतात, एवढ्यावरून त्यांच्या कर्त्यांस हिणवणें अन्यायाचें होईल. कच्ची वीट पावसानें विरघळते, आणि पक्की वीट इतकी उत्तम होती कीं पुढील लोकांनीं ती उकरून नेली. जवळचें हिल्ला हें गांव बऱ्याच अंशीं बाबिलोनच्याच विटांनीं बांधलें गेलें. म्हणजे या वास्तूंचा नाश झाला तो कारागिरांच्या अज्ञानामुळें नव्हे, तर त्यांच्या मालाच्या चांगुलपणामुळें झाला.

या विटेचा दुसरा विशेष असा कीं ती बोलते. नेबुकद्नेझर दुसरा (इ. स. पूर्वी ६०५–५६२) याची पक्की वीट चौरस असून तिची बाजू सुमारे ३३ सेंटिमीटर असते, आणि तिच्यावर पुष्कळदां शिक्का उठवलेला असतो. त्यांत आपण बाबिलोनचा राजा, एसागिल व एझिदा या देवळांचा प्रतिपालक व नबोपोलास्सरचा ज्येष्ठ पुत्र आहों, असें तो सांगतो. पोथीच्या शेवटीं जी पुष्पिका असते तीच येथें लक्षावधि वेळां, भिंतीच्या पोटांत, कोणाच्या दृष्टीस पडणार नाहीं अशा ठिकाणीं लिहिलेली आहे. तो लेख रहदारींतील प्रजेकरितां नव्हता. तो देवाकरितां होता, आणि पुढें केव्हां तरी भिंत कोसळून ती पुन्हा बांधणाऱ्या राजाकरितां होता.

आतां तटाकडे वळूं. हिरोडोटस म्हणतो कीं शहर चौरस असून त्याची प्रत्येक बाजू १२० स्टेडियम, म्हणजे एकंदर घेर ४८० स्टेडियम होता. तट ५० राजहस्त रुंद व २०० राजहस्त उंच होता. आजच्या मापानें तो घेर ८५ किलोमीटरांच्या आसपास जातो आणि उंची १०० मीटरांवर जाते. क्टेसियसनें घेर ३६० स्टेडियम दिला. अलेक्झांडरच्या काळचे लेखक ३६५ सांगतात, आणि वर्षाच्या दिवसांइतका घेर असावा अशी बांधणाऱ्याची इच्छा होती, असें कारणहि जोडतात. ज्या आंकड्यास असें गोंडस कारण चिकटलेलें असतें तो आंकडा दोरीनें मोजून आलेला नसतो, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. जर्मन प्राच्यविद्या संस्थेच्या वतीनें रॉबर्ट कोल्डेवे यानें १८९९ पासून १९१७ पर्यंत तेथें उत्खनन केलें, तेव्हां बाहेरील तटाचा घेर सुमारे १८ किलोमीटर ठरला.

तेवढ्यावरून हिरोडोटसास सरसकट खोटा ठरवणारे पुष्कळ आहेत. तो बाबिलोनास गेला होता कीं नाहीं, याविषयींच पंडितांत वाद आहे. परंतु हाहि न्याय उतावळेपणाचा होय. उत्खननांत बाहेरील तटाची रचना अशी आढळली: आंतील बाजूस ७ मीटर जाडीची कच्च्या विटांची भिंत, मग सुमारे १२ मीटरांचें अंतर, मग ७.८ मीटर जाडीची पक्क्या विटांची भिंत, व तिच्यापुढें खंदकाचा बांध. दोन भिंतींमधील जागा मातीनें भरलेली होती, असें कोल्डेवेचें मत होतें. ती धरून रुंदी सुमारे २७ मीटर भरते. आणि राजहस्त अर्ध्या मीटरांहून किंचित् मोठा असल्यामुळें हिरोडोटसचे ५० हात याच्या अगदीं जवळ येतात. तटावरून चार घोड्यांचा रथ फिरवतां येई, हें त्याचें वाक्य मग थट्टेचें राहत नाहीं. डांबरांत विटा बसवीत व अधूनमधून बोरूच्या चटया घालीत, हेंहि तो सांगतो, व तशी बांधणी तेथें सांपडलेली आहे. तेव्हां निर्णय असा करावा लागतो कीं रुंदी व बांधणी यांविषयीं त्याची साक्ष ग्राह्य, घेर व उंची यांविषयीं अग्राह्य. साक्षीदार एका प्रश्नास खरें उत्तर देतो म्हणून सर्वच प्रश्नांस देतो असें नाहीं. आणि एकांत चुकतो म्हणून सर्वांत चुकतो असेंहि नाहीं.

हाच न्याय देशी लेखांसहि लावला पाहिजे, हें मनोऱ्याच्या उदाहरणावरून स्पष्ट होतें. मार्दुक देवाच्या त्या मनोऱ्याचें नांव एतेमेनांकी. हिरोडोटस त्याचा तळ एक स्टेडियम चौरस देतो व एकावर एक आठ मजले सांगतो. त्याच्या उलट कीलाक्षरांत लिहिलेली एक मृत्तिकापाटी उपलब्ध आहे. तिला एसागिलची पाटी म्हणतात. जॉर्ज स्मिथ यानें १८७६ सालीं तिची माहिती प्रसिद्ध केली. पुढें ती दृष्टीआड झाली, आणि १९१३ सालीं शेल यानें तिचा पाठ छापला. तींत तळ १५ निंदान लांब व तितकाच रुंद, म्हणजे सुमारे ९० मीटर चौरस दिला आहे. त्याच १९१३ सालीं जमिनींतील पाणी खालीं गेलें असतां मनोऱ्याचा पाया मोजण्यांत आला, व त्याची बाजू ९१ मीटरांच्या थोडी वर भरली. मध्यें सुमारे ६१ मीटर चौरस कच्च्या विटांचा गाभा व त्याभोंवतीं १५ मीटर जाडीचें पक्क्या विटांचें कवच, अशी त्याची घडण होती. ग्रीक लेखकाचा स्टेडियम जवळजवळ दुप्पट निघाला आणि पाटी खरी ठरली.

इतकें झाल्यावर पुष्कळांनीं पाटींतील उंचीहि निःशंकपणें स्वीकारली, व ९० मीटर उंचीचे मनोरे चित्रांतून उभे राहिले. येथें आमचा आक्षेप आहे. पाटीची पुष्पिका पाहिली तर ही प्रत इ. स. पूर्वी २२९ मध्यें, सेल्यूकिड राजांच्या अमदानींत, उरुक येथें तयार झाली असून ती बोर्सिप्पा येथील जुन्या प्रतीवरून उतरलेली आहे. म्हणजे नेबुकद्नेझरानंतर सव्वातीनशें वर्षांहून अधिक काळानें, दुसऱ्या गांवीं केलेली ही नक्कल आहे. अलेक्झांडरानें पडक्या मनोऱ्याचा मलबा हलविण्याचें काम याच्या सुमारें शंभर वर्षें अगोदर काढलें होतें. नक्कल करणाऱ्यानें उभा मनोरा पाहिला असण्याचा संभव नाहीं. शिवाय पाटीचा हेतु वर्णनाचा दिसत नाहीं. अंगणांचीं क्षेत्रफळें काढून तीं पेरणीच्या बियाण्याच्या मापांत बसविणें, असा हिशेबी व्यवहार तींत आहे. मजल्यांच्या उंचीचे आंकडे पाहावे तर पहिला ३३ मीटर, दुसरा १८, तिसरा, चौथा व पांचवा प्रत्येकीं ६, आणि सर्वांत वरचें देऊळ १५. सहावा मजला लेखकाच्या हातून गळला आहे. तोहि ६ मीटरांचा धरला म्हणजे बेरीज नेमकी ९० होते, आणि उंची तळाच्या बाजूइतकी येते. हा जुळणारा हिशेब डोळ्यांस सुखवितो. पण गळलेली ओळ भरून जो जुळतो, तो हिशेब मोजमाप नव्हे. तळाच्या बाबतींत वीट व पाटी यांचें ऐकमत्य आहे, म्हणून तळ सिद्ध. उंचीच्या बाबतींत विटेची साक्ष उरली नाहीं. तेथें पाटी एकटीच बोलते, आणि तिचें बोलणें संभाव्य या सदरांत ठेवावें, सिद्ध या सदरांत नव्हे.

बागांची कथा याहून बोधप्रद आहे. हिरोडोटस त्यांचा उल्लेखहि करीत नाहीं. नेबुकद्नेझरानें आपल्या बांधकामांची यादी देणारे मोठमोठे लेख कोरवले. त्यांपैकीं ईस्ट इंडिया कंपनीस नजर केलेला व म्हणून तिच्या लंडनमधील कचेरीच्या नांवानें ओळखला जाणारा दहा स्तंभांचा शिलालेख आज ब्रिटिश म्युझियममध्यें आहे. त्यांत तट, देवळें, वाडे हें सर्व आहे, बाग नाहीं. कोल्डेवेस दक्षिणेकडील राजवाड्याच्या ईशान्य कोपऱ्यांत चौदा कमानदार कोठड्या व तीन तोंडांची एक विहीर आढळली. रहाटगाडग्यानें पाणी चढवून वर बाग पोसली असावी, असा त्यानें तर्क केला. तर्क चतुराईचा होता. परंतु त्याच कोठड्यांत मृत्तिकापाट्याहि सांपडल्या होत्या, आणि त्यांपैकीं कांहीं वायड्नर यानें १९३९ सालीं प्रसिद्ध केल्या, तेव्हां त्यांत तेलाच्या शिध्याचा हिशेब निघाला. शिधा घेणाऱ्यांत यहूदाचा बंदिवान राजा यहोयाखीन याचें नांव आहे. म्हणजे ती जागा बागेचा पाया नसून कोठार असावें, हें मत बळावलें. स्टेफनी डॅली या विदुषींनीं तर ती बाग बाबिलोनची नव्हेच, असुर राजा सेन्नाखेरिब याच्या निनेव्हे येथील असावी, असें प्रतिपादन केलें आहे. त्यांचें मत सर्वांस मान्य झालेलें नाहीं. आम्हांस महत्त्वाची वाटते ती निराळीच गोष्ट. त्या पाट्या कोणत्या कोठडींत सांपडल्या याची नोंद नसती, तर शिध्याचा हिशेब शिध्याचाच राहिला असता, आणि कोठडी बागेचीच राहिली असती. स्थानाच्या नोंदीमुळेंच एका कागदानें दुसऱ्या वास्तूचा निवाडा केला.

इश्तारच्या वेशीचेंहि तसेंच आहे. निळ्या झिलईच्या विटांवरील बैल व सर्पमुखी प्राणी यांच्या रांगा जगप्रसिद्ध आहेत. असंख्य तुकडे जुळवून वाल्टर आंद्रे यानें ही वेस बर्लिनच्या पेर्गामोन संग्रहालयांत उभी केली, व १९३० सालीं ती लोकांस खुली झाली. कारागिरांनीं विटांवर जुळणीच्या खुणा केल्या होत्या. हें काम स्तुत्य आहे. तथापि जें तेथें उभें राहिलें तें दुहेरी वेशीपैकीं पुढचें लहान अंग होय, आणि त्यांतील पुष्कळशा साध्या विटा नव्या आहेत. बाबिलोनांत मात्र जमिनीच्या पोटांत झिलई नसलेल्या उठावदार विटांच्या भिंती अद्याप जागेवर आहेत. मिरवणुकीचा रस्ता वेळोवेळीं उंच केला गेला, खालचें काम बुजविलें गेलें, व वर झिलईचें नवें काम झालें, हा क्रम त्या भिंतींवरूनच कळतो. बर्लिनची वेस पाहून बाबिलोनचें वैभव कळतें. इतिहास कळण्यास तेथील खळग्यांतच उतरावें लागतें.

या विषयाशीं मुंबईचाहि जुना संबंध आहे. बगदाद येथील कंपनीचा वकील क्लॉडियस रिच यानें १८११ सालीं या अवशेषांची पाहणी करून त्यांचें मोजमापासह वर्णन प्रसिद्ध केलें. त्याचा विवाह १८०८ सालीं मुंबईंत सर जेम्स मॅकिंटॉश यांच्या कन्येशीं झाला होता. याच मॅकिंटॉशनें १८०४ सालीं स्थापलेल्या मंडळींतून पुढें मुंबईची एशियाटिक सोसायटी वाढली. रिच स्वतः मोठा संग्राहक होता. पण कोणता ढीग कोठें, किती लांब, किती उंच, हें त्यानें लिहून ठेवलें, म्हणून त्याचें पुस्तक आजहि कामास येतें. याच्या उलट उदाहरण १८५५ चें आहे. फ्रेस्नेल व ओपेर यांच्या फ्रेंच मंडळीनें बाबिलोनांत जमविलेल्या वस्तु इतर पुराणवस्तूंबरोबर नदीनें नेतांना कुर्णा येथें बुडाल्या. ओपेर हा संस्कृतचाहि अध्यापक होता, आणि त्यानें टिपणें व नकाशे केले होते म्हणून त्या श्रमांचें कांहीं तरी हातीं राहिलें. वस्तु गेली तरी नोंद राहिली तर निम्मी विद्या वांचते. नोंदीवांचून वस्तु राहिली तर ती केवळ शोभेची होते.

बाबिलोनचा अखेरचा स्वदेशी राजा नबोनिदस (इ. स. पूर्वी ५५६–५३९) यास हें उमगलें होतें. सिप्पार येथील सूर्यदेवाच्या मंदिराचा पाया खणवून त्यानें नराम-सिनचा मूळ लेख शोधून काढला, आणि ३२०० वर्षांत तो कोणा राजास दिसला नव्हता, असें अभिमानानें लिहिलें. त्याची कालगणना चुकली. खरें अंतर सुमारे १७०० वर्षांचें होतें. पण त्याची शोधनाची रीति चुकली नाहीं. माझा लेख ज्यास सांपडेल त्यानें त्यास तेल लावावें, नैवेद्य दाखवावा व तो पुन्हा जागीं ठेवावा, अशी विनवणी त्या देशाचे राजे पुढील राजांस करीत. त्यांत देवभक्ति होती, तसाच पुराव्याचा आदरहि होता.

पुढील काळांत तो आदर टिकला नाहीं. १९८० नंतरच्या दशकांत सद्दाम हुसेन यानें दक्षिणेकडील राजवाड्याच्या जुन्या पायांवर नव्या भिंती चढविल्या, आणि त्यांतील विटांवर आपलें नांव उठविलें. २००३–०४ मध्यें परकीय सैन्याची छावणी तेथें पडली, चर खणले गेले, आणि प्राचीन खापरांनीं भरलेली माती वाळूच्या पोत्यांत गेली. २०१९ सालीं युनेस्कोनें बाबिलोनास जागतिक वारशांत स्थान दिलें, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु हलविलेली माती त्यामुळें पूर्वस्थळीं येत नाहीं.

आमच्या संग्राहक मित्रांपुढें हें सर्व मांडण्याचें कारण उघड आहे. बाजारांत आलेली शिक्क्याची वीट विकत घेणाऱ्यास राजाचें नांव मिळतें. तें तर इतर हजारों विटांवरहि आहे. ती कोणत्या भिंतीची, कितव्या थराची, डांबरांत बसविलेली कीं मातींत, हें जें तिचें एकटीचें सांगणें होतें, तें विक्रेत्याच्या हातींच संपलेलें असतें. म्हणून जो संग्रह करील त्यानें वस्तूपूर्वीं स्थानाची नोंद मागावी. नोंद नसेल तर ती वस्तु घेऊं नये, कारण तिचा खप हाच पुढच्या उकराउकरीस उत्तेजन देतो. पोथीचें पान फाडून विकणाऱ्यास आपण दोष देतों. भिंतींतील वीट उपटणाऱ्यास व ती विकत घेणाऱ्यास निराळा न्याय लावण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं.