एक इंच खाली

पिस्कॅटवेच्या शेजारी एडिसनमध्ये, रूट वनला लागून आज जिथे मोठमोठी दुकानं उभी आहेत, तिथे २००४ सालापर्यंत फोर्डचा कारखाना होता. मटचन असेंब्ली प्लांट. १९४८ साली सुरू झालेल्या या कारखान्यातून १९६५ ते १९७१ या काळात मस्टँग बाहेर पडल्या. ओक ट्री रोडला किराणा भरायला जाणाऱ्या आपल्या मराठी मंडळींत हे फारसं कुणाला ठाऊक नसतं, पण जुन्या अमेरिकन गाड्यांचा नाद लागलेल्या माणसासाठी हा टापू मोलाचा आहे.

या भागात जुनी मस्टँग बघायला गेलात, तर आधी बॉनेट उघडा आणि ड्रायव्हरच्या बाजूला मडगार्डच्या आतल्या पत्र्यावर ठोकलेला नंबर वाचा. सुरुवात ‘५टी०९सी’ अशी असेल, तर ५ म्हणजे १९६५चं मॉडेल, टी म्हणजे मटचन, ०९ म्हणजे मागे उतरत्या छपराची फास्टबॅक आणि सी म्हणजे २८९ घनइंची, साधारण ४.७ लिटरचं व्ही-एट इंजिन. दोन तोंडांचा कार्ब्युरेटर, कागदावर २०० हॉर्सपॉवर. अशी गाडी दारात आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: पॉवर किती वाढवता येईल? बुलेट घेतल्या घेतल्या सायलेन्सर बदलायला धावणाऱ्या कोल्हापूरच्या पोरांची घाई आणि न्यू जर्सीतल्या मस्टँगवाल्यांची घाई एकाच जातीची आहे.

त्या घाईवर माझ्याकडे एकच उतारा आहे, साठ वर्षांपूर्वीची एक यादी. शेल्बी जीटी ३५० या गाडीसाठी साध्या मस्टँगमध्ये काय काय बदललं, त्याची. रस्त्यावर चालवायच्या गाडीत कशाला किती महत्त्व द्यावं, हे इतक्या नेटकेपणाने सांगणारा दुसरा आराखडा मला माहीत नाही. सुट्या भागांची यादी म्हणून ती सगळेच वाचतात. मला ती एक रचना म्हणून वाचायची आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात. मस्टँग दिसायला देखणी, खपायला तुफान, पण रेसिंगच्या मैदानात तिला किंमत नव्हती. ती मिळवून देण्याचं काम फोर्डने कॅरोल शेल्बीवर सोपवलं. १९५९ साली रॉय साल्वाडोरीच्या जोडीने अॅस्टन मार्टिन चालवून ल मान्सची शर्यत जिंकलेला हा टेक्सासचा माणूस. एससीसीए या अमेरिकन रेसिंग संघटनेची अट अशी की गाडी दोन माणसांची हवी आणि १ जानेवारी १९६५पर्यंत किमान १०० गाड्या तयार हव्यात. शेल्बीच्या कॅलिफोर्नियातल्या कार्यशाळेत सॅन होजेच्या कारखान्यातून पांढऱ्या फास्टबॅक आल्या. चक कँटवेलने अभियंता म्हणून प्रकल्प सांभाळला, केन माइल्सने गाडी चालवून तिचे गुणदोष सांगितले. १४ फेब्रुवारी १९६५ रोजी टेक्सासमध्ये ग्रीन व्हॅलीला माइल्सने या गाडीची पहिली शर्यत जिंकली. त्यानंतर बी-प्रॉडक्शन गटाचं राष्ट्रीय अजिंक्यपद १९६५, १९६६ आणि १९६७ अशी सलग तीन वर्षं जीटी ३५०कडे राहिलं.

आता यादी. इंजिनापासूनच सुरुवात करू, कारण सगळ्यांची नजर तिथेच जाते. मस्टँगचं सर्वांत तगडं २८९ इंजिन २७१ हॉर्सपॉवरचं होतं. रस्त्यावरच्या जीटी ३५०मध्ये ते ३०६चं झालं. वाढ फक्त ३५ची. (दोन्ही आकडे त्या काळच्या पद्धतीने, बाकीचा सरंजाम काढून मोजलेले, म्हणून आजच्या आकड्यांशी त्यांची तुलना करू नये.) महत्त्वाचं म्हणजे या ३५साठी इंजिन आतून उघडलंच नाही. पिस्टन, क्रँक, कॅम सगळं फोर्डचंच. वरचं मॅनिफोल्ड अॅल्युमिनियमचं आणि उंच, त्यावर मोठा हॉली कार्ब्युरेटर, आणि धूर बाहेर काढणाऱ्या नळ्या नव्या. त्या नळ्यांची रचना बघण्यासारखी आहे. एका बाजूच्या चार सिलिंडरच्या चार नळ्या आधी दोन-दोन करून जोडल्या जातात आणि मग त्या दोहोंची एक होते. जोड्या अशा निवडलेल्या की एका सिलिंडरच्या धुराचा झोत दुसऱ्याच्या वाटेत येत नाही. त्याचा फायदा मधल्या आरपीएमला मिळतो, आणि रस्त्यावर इंजिन बहुतेक वेळ तिथेच फिरत असतं.

इंजिनाचा विषय एवढ्यावर संपतो. उरलेली यादी चाकं, पाटे, स्टीअरिंग, ब्रेक आणि पत्रा यांनी भरलेली आहे. गाडी बनवणाऱ्यांनी आपली बुद्धी कुठे खर्च केली, ते इथे कळतं.

सर्वांत सुंदर ओळ पुढच्या सस्पेन्शनची आहे. मस्टँगच्या पुढच्या चाकाला वरून धरणारी एक आर्म असते. तिचं आतलं टोक दोन बोल्टांनी गाडीच्या अंगाला आवळलेलं असतं. फोर्डचे अभियंते क्लाऊस आर्निंग यांच्या गणिताप्रमाणे जीटी ३५०मध्ये त्या बोल्टांसाठी मूळ जागेच्या एक इंच खाली नवी भोकं पाडली. डाव्या बाजूला दोन, उजव्या बाजूला दोन. आर्म तीच, बोल्ट तेच, वजन तेवढंच.

या एका इंचाने काय साधलं? गाडी जोरात वळते तेव्हा तिचं अंग बाहेरच्या बाजूला कलतं आणि त्या बाजूचं चाक गाडीच्या मानाने वर येतं. मूळ रचनेत आर्मचं आतलं टोक बरंच उंच, म्हणून आर्म बाहेरच्या बाजूला उतरती. चाक वर आलं की तिचं बाहेरचं टोक कमानीत फिरताना आधी बाहेर सरकतं आणि चाकाचा माथा बाहेर झुकतो. टायर आपल्या बाहेरच्या कडेवर उभा राहतो, पकड सुटते, आणि स्टीअरिंग फिरवूनही गाडी नाकासमोर सरळ जाऊ बघते. आतलं टोक एक इंच खाली आणलं की आर्म जवळजवळ आडवी होते. आता चाक वर आलं की तेच टोक आत ओढलं जातं, माथा आत येतो आणि टायरचा सगळा पट्टा डांबरावर टेकून राहतो. वाढलेल्या पकडीसाठी एकही महागडा भाग लागला नाही. चार भोकं योग्य जागी पाडली, एवढंच. कमी साधनांत मोठा परिणाम साधणं ही कुठल्याही कलेत थोर गोष्ट मानली जाते. इथे ती पत्र्यात कोरलेली दिसते.

पुढे वाचत गेलं की एका ओळीतून दुसरी कशी निघते ते दिसू लागतं. टायर घट्ट धरू लागला की वळणाचा सगळा भार स्प्रिंगचे बुरूज आणि त्यांच्या भोवतालच्या पत्र्यावर येतो. मस्टँगला वेगळी चासी नसते, पत्र्याचं अंग हाच तिचा सांगाडा. म्हणून दोन्ही बुरुजांना इंजिनामागच्या भिंतीशी बांधणारा एकसंध ब्रेस आणि बुरुजांना एकमेकांशी जोडणारी आडवी दांडी. वळण जोराचं झालं की इंजिनाच्या तळातलं ऑइल एका बाजूला धावतं आणि पंप हवा ओढू लागतो. म्हणून ऑइलचं भांडं मोठं, अॅल्युमिनियमचं, आत आडोसे घातलेलं. हा भाग मला फार आवडतो. तो इंजिनाखाली बसतो, पण त्याची गरज चाकांनी निर्माण केली. जोरात निघताना मागचा अॅक्सल पाट्यांना पिळतो आणि चाकं उड्या मारतात, म्हणून अॅक्सलला वरून धरणाऱ्या दांड्या. स्टीअरिंग चपळ व्हावं म्हणून त्यातल्या दोन आर्म लांब. पुढे ११.३ इंची डिस्क ब्रेक, मागे रुंद ड्रम. कोनी कंपनीचे शॉक अॅब्झॉर्बर. सुरुवातीच्या गाड्यांत तर बॅटरीही डिक्कीत, पुढचं वजन मागे न्यायला. ख्यालात बढत होताना प्रत्येक स्वर मागच्या स्वराच्या आधारावर उभा राहतो, तशी ही यादी वाढते. मधली एक ओळ पुसली तर पुढच्या दोन ओळी अर्थहीन होतात.

तरीही ही यादी जशीच्या तशी उचलावी असं मी म्हणणार नाही. तिचं मन रेसच्या मैदानात होतं, आणि काही ओळींत ते लपत नाही. कार्ब्युरेटरचंच घ्या. २८९ घनइंची इंजिन ६,००० आरपीएमला फिरतं तेव्हा, दर दोन फेऱ्यांना एकदा सिलिंडर काठोकाठ भरले असं धरलं तरी, मिनिटाला सुमारे ५०० घनफूट हवा ओढतं. जीटी ३५०चा हॉली ७१५ घनफुटांचा होता. पूर्ण थ्रॉटलवर तो छान, पण सिग्नलवरून हळूच निघताना त्याच्या रुंद तोंडातून हवा मंद वाहते, पेट्रोल नीट मिसळत नाही आणि पिकअप अडखळतो. मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा डेट्रॉइट लॉकर वळणात खाडकन आवाज करायचा. बाजूने निघणारे सायलेन्सर काही राज्यांच्या नियमांत बसत नव्हते. शेल्बीलाही हे कळत होतं. १९६६ साली मागची सीट परत आली, कोनी आणि लॉकर ऐच्छिक झाले, आर्म खाली घेण्याचं कामही थोड्या गाड्यांनंतर थांबलं. त्याच वर्षी हर्ट्झने भाड्याने द्यायला सुमारे एक हजार जीटी ३५० घेतल्या, तेव्हा तर गाडीला सगळ्यांशी जुळवून घ्यावंच लागलं.

१९६८च्या शेल्बी मस्टँग तर मुळात आपल्या मटचनच्याच. इथून निघून त्या मिशिगनमधल्या आयोनियाला ए. ओ. स्मिथ कंपनीकडे जात आणि तिथे शेल्बीचं रूप घेत. त्यांतल्या जीटी ५००केआरमध्ये ४२८ घनइंची प्रचंड इंजिन होतं. ती गाडी भव्य आहे, पण तिच्या नाकावर वजन बसलं आहे आणि नक्षी वाढली आहे. १९६५च्या यादीत जी काटकसर होती, ती तिच्यात उरलेली नाही. ती आपल्या गावची असूनही माझा कौल १९६५च्या जीटी ३५०लाच.

मग पिस्कॅटवेच्या गॅरेजमध्ये उभ्या असलेल्या ‘५टी०९सी’साठी आराखडा कसा मांडावा? इथल्या रस्त्यांवर हिवाळ्यात मीठ पडतं, म्हणून पहिलं पान गंजाचं. पुढच्या काचेच्या खाली हवा आत घेणारी पत्र्याची पेटी असते. तिच्यात पाणी साचून आतला पत्रा गंजतो आणि पाऊस पडला की ड्रायव्हरच्या पायाशी ओल येते. त्या पेटीत पाण्याचा पाइप सोडून बघावं. फरशी, स्प्रिंगचे बुरूज आणि मागच्या पाट्यांच्या बैठका हातोडीने ठोकून बघाव्यात. पोकळ पत्र्यात भोकं पाडायला जाऊ नये.

दुसरं पान ब्रेकचं. १९६५च्या मस्टँगला मास्टर सिलिंडर एकाच कप्प्याचा आहे. एक नळी फुटली तर चारही चाकांचे ब्रेक जातात. १९६७पासून दोन कप्प्यांचा आला. तो बसवणं आणि पुढे डिस्क घेणं याला पर्याय नाही. ताशी ४० मैलांवरून ६० मैलांवर गेलं की थांबवायची ऊर्जा सव्वादोनपट होते, ती कुठेतरी जिरवावी लागते. तिसऱ्या पानावर ती चार भोकं, नवे बुश, चांगले शॉक, एकसंध ब्रेस, आणि मग रेडियल टायर. १९६५ची अलाइनमेंटची मापं जुन्या, तिरप्या धाग्यांच्या टायरसाठी होती. रेडियलसाठी कॅस्टर वाढवावा लागतो, हे दुकानदाराला आवर्जून सांगावं.

चौथं पान गिअरचं. जीटी ३५०चा मागचा रेशो ३.८९ होता आणि वरचा गिअर सरळ एकास एक. २६ इंची टायर धरला, तर आय-२८७वर ताशी ६५ मैलांना इंजिन ३,२७०च्या आसपास ओरडत राहील. १९८५नंतरच्या मस्टँगचा पाच गिअरचा टी-५ बसवला, तर पाचव्या गिअरचा रेशो ०.६८ असल्याने तोच आकडा २,२२०वर येतो, आणि पहिला गिअर ३.३५चा असल्याने सिग्नलवरून सुटायचा जोरही वाढतो. हॉर्सपॉवर एकानेही न वाढवता गाडी दोन्ही टोकांना सुधारते.

इंजिन पाचव्या पानावर. चांगला रेडिएटर, पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन, इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला टिकणाऱ्या रबरी नळ्या. त्यानंतर चार तोंडांचं मॅनिफोल्ड, ६०० घनफुटांच्या आसपासचा कार्ब्युरेटर आणि जोड्यांनी जुळणाऱ्या नळ्या. मागचे सायलेन्सर मागेच राहू द्यावेत. शेजाऱ्यांना झोप हवी असते, आणि चांगल्या इंजिनाचं फायरिंग हळू आवाजातही ओळखू येतं.

आराखडा लिहिताना प्रत्येक भागापुढे दोन रकाने आखावेत. पहिल्यात लिहावं, याने कुठली उणीव भरते. दुसऱ्यात लिहावं, यामुळे पुढे कशावर भार येतो. १९६५च्या माणसांनी दुसऱ्या रकान्याचं उत्तर शेवटपर्यंत शोधलं, म्हणूनच पुढच्या आर्मची चार भोकं पाडणाऱ्यांना ऑइलच्या भांड्यातले आडोसे सुचले. ज्या भागापुढे दुसरा रकाना कोरा राहतो, त्याचा विचार अजून पुरता झालेला नाही. त्याची ऑर्डर त्या दिवशी देऊ नये.