अमेरिकेतील नागरी हक्कांची भित्तिचित्रे आणि तरुणांचा वाटा

अमेरिकेतील नागरी हक्कांच्या लढ्याचा इतिहास पाठ्यपुस्तकांत आणि संग्रहालयांत स्थिरावला असला, तरी वस्त्यांमधील भिंतींवर तो गेली सुमारे 60 वर्षे निराळ्या रीतीने मांडला जात आहे. या निर्मितीला समुदायकला म्हणतात. म्हणजे ज्या वस्तीत चित्र उभे राहायचे, तेथील रहिवाशांनी विषय ठरवण्यापासून रंगकामापर्यंत भाग घेऊन घडवलेली सार्वजनिक कला. अशा कामांत तरुण आहेत एवढ्यानेच त्यांचे कौतुक होते. परंतु तरुणांचा शिरकाव कोणत्या टप्प्यावर होतो यावर अशा कामांचे मोल अवलंबून असते, आणि या कसोटीला आजची बरीच कामे उतरत नाहीत.

या परंपरेचा आरंभ सहसा शिकागोतील 1967 सालच्या ‘वॉल ऑफ रिस्पेक्ट’पासून मानला जातो. ज्या ब्लॅक पँथर पक्षावरून 1972 साली मुंबईत दलित पँथरने आपले नाव घेतले, त्या पक्षामागील कृष्णवर्णीय स्वाभिमानाच्या लाटेतच ही भिंतही रंगली. नेते, लेखक, संगीतकार आणि खेळाडू यांची व्यक्तिचित्रे तीवर होती, आणि 1971 मधील आगीनंतर ती इमारत पाडली गेली तरी थोरांच्या चेहऱ्यांची रांग हा तिचा घाट देशभर रुजला. त्या काळी तो आवश्यकच होता; मात्र पुढे त्याची सवय झाली आणि लढ्यातील तरुणच चित्राबाहेर राहू लागले. रोझा पार्क्स यांच्या प्रसिद्ध नकाराच्या नऊ महिने आधी, मार्च 1955 मध्ये, माँटगोमेरीच्या बसमध्ये जागा सोडण्यास नकार देणारी क्लॉडेट कॉल्व्हिन 15 वर्षांची होती, आणि 1963 मध्ये बर्मिंगहॅमचे तुरुंग भरले ते शाळकरी मुलांनी.

चेहऱ्यांच्या रांगेपलीकडे जाणारे सर्वांत मोठे काम लॉस एंजेलिसच्या तुजुंगा वॉश या काँक्रीटने बांधलेल्या पूरनियंत्रण कालव्याच्या भिंतीवर आहे. चित्रकार ज्युडी बाका यांच्या नेतृत्वाखाली 1976 च्या उन्हाळ्यात तेथे 80 मुले, दहा चित्रकार आणि पाच इतिहासतज्ज्ञ कामाला लागले; यातील बहुतेक मुले बाल न्यायव्यवस्थेमार्फत आलेली होती आणि त्यांना कामाचे वेतन मिळत होते. पुढील काही उन्हाळ्यांत 400 हून अधिक तरुणांच्या हातून ‘ग्रेट वॉल’ ही चित्रभिंत सुमारे 2,700 फुटांपर्यंत वाढली. तिचे खरे वैशिष्ट्य लांबीत नाही, कार्यपद्धतीत आहे. मुलांनी अभ्यासकांची व्याख्याने ऐकली, घटना भोगलेल्या माणसांशी ती बोलली, आणि त्यानंतर रेखाटने ठरली. म्हणूनच 1930 च्या दशकातील मेक्सिकन वंशीयांची हकालपट्टी, जपानी अमेरिकनांच्या छावण्या आणि महामार्गांनी चिरलेल्या मेक्सिकन वस्त्या हे सारे एकाच प्रवाहात येते, आणि नागरी हक्कांचा प्रश्न केवळ कृष्णवर्णीयांचा व दक्षिणेचा नव्हता हे भिंतीच्या रचनेतूनच उमगते. परस्परांशी वैर असलेल्या गटांतील मुलांना एकमेकांचा इतिहास रंगवावा लागला, ही गोष्ट रंगसंगतीइतकीच या कलाकृतीचा भाग आहे.

फिलाडेल्फियात मार्ग वेगळा ठरला. भिंतींवर रंगफवारे मारणाऱ्या मुलांना वळवण्यासाठी 1984 मध्ये निघालेल्या शहराच्या उपक्रमातून, चित्रकार जेन गोल्डन यांच्या पुढाकाराने, देशातील सर्वांत व्यापक भित्तिचित्र योजना वाढली. तेथे चित्राचे भाग पातळ, न विणलेल्या कापडावर आखून, प्रत्येक भागात रंगाचा क्रमांक लिहून वाटले जातात आणि रंगवून झाल्यावर भिंतीवर चिकटवले जातात. या तंत्रामुळे शाळेतल्या मुलांपासून कैद्यांपर्यंत अनेकांना हात लावता आला, ही मोठी मिळकत आहे. पण आराखडा आधीच पक्का झालेला असेल, तर क्रमांकाप्रमाणे रंग भरणाऱ्या मुलाला इतिहासाबद्दल काही ठरवता येत नाही. अनुदान देणाऱ्या संस्थांना मुदतीत पूर्ण होणारे, कोणालाही न दुखवणारे चित्र हवे असते, त्यामुळे हसतमुख चेहरे आणि उंचावलेले हात यांची पुनरावृत्ती होते, आणि पोलिसांचे कुत्रे, घरभाडे, बेदखली यांना जागा उरत नाही.

‘ग्रेट वॉल’चे चित्रण 1950 च्या दशकाशी थांबले होते. ते आजच्या काळापर्यंत आणण्यासाठी 2021 मध्ये मेलन प्रतिष्ठानाने 50 लाख डॉलर दिले, आणि 1960 च्या दशकाचा काही भाग 2023-24 मध्ये लॉस एंजेलिसच्या कलासंग्रहालयात प्रेक्षकांसमोर रंगवला गेला. बाका आणि त्यांचे सहकारी चित्रकार यांच्या कौशल्याविषयी शंका नाही. तरीही आपल्या वस्तीतील बेदखलीचा किंवा पोलिसी हिंसेचा प्रसंग कोणता आणि कसा घ्यावा, हे ठरवणाऱ्या बैठकीत आजच्या सोळा वर्षांच्या मुलांना 1976 मधील मुलांइतका अधिकार मिळावा, ही अपेक्षा या विस्ताराकडून ठेवणे रास्त आहे.