से कॅथेड्रल आणि फादर स्टीफन्सची ओवी

चोर्ला घाट उतरून आम्ही अनेकदा गोव्यास गेलो. जुन्या गोव्यातील से कॅथेड्रल सवडीने पाहणे मात्र निवृत्तीनंतरच घडले. अल्बुकर्कने १५१० साली संत कॅथरिनच्या सणादिवशी गोवा जिंकला, त्याचे हे स्मारक. काम १५६२ मध्ये सुरू झाले. मुख्य वास्तू १६१९ मध्ये पूर्ण झाली. बाहेरून साधी, आत सोनेरी वेदीवर संत कॅथरिनच्या हौतात्म्याची शिल्पे. या कारागिरीस आम्ही मनापासून दाद देतो. परंतु दोन मनोऱ्यांपैकी एक १७७६ मध्ये कोसळला, तो पुन्हा उभारला गेला नाही.

हे बांधकाम चालू असतानाच फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने मराठी ओवीत ‘क्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने देशी भाषेचा वापर सोडण्याचा हुकूम काढला. पहिल्या आवृत्तीची एकही प्रत आज उपलब्ध नाही. तथापि भाविकांनी हस्तलिखिते जपली; त्यांवरूनच १९०७ मध्ये ग्रंथ पुन्हा छापला गेला, तोही मंगळुरात, म्हणजे आजच्या कर्नाटकात!

आमच्या वाचनातील प्रवासवर्णने कॅथेड्रलची लांबीरुंदी सांगतात, या ओवीचे नावही घेत नाहीत. ही उणीव आम्हांस खटकते. राजाश्रय असलेला मनोरा पडला. राजाश्रय नसलेली ओवी घरोघरच्या वाचनाने तरली. सीमाभागात मराठीसाठी ठराव पुष्कळ झाले. आमच्या घरांतून सायंकाळचे वाचन मात्र उठले आहे. ते आधी सुरू व्हावे.