एकटा स्वार आणि त्याचा रस्ता : मोटारसायकलवरील पर्वतप्रवासाच्या लेखनातील एकटेपणाची समीक्षा

प्रास्ताविक

प्रवासवर्णनाचा विचार करताना प्रवासी, प्रदेश आणि भाषा या तीन घटकांची चर्चा आपण आवर्जून करतो. वाहनाकडे मात्र केवळ साधन म्हणून पाहिले जाते. वास्तविक प्रवाशाला काय दिसेल आणि काय दिसणार नाही, हे बऱ्याच अंशी वाहनच ठरवीत असते. मोटारसायकलस्वार आणि निसर्ग यांच्यामध्ये काच नसते. थंडी, धूळ, पाऊस थेट अंगावर येतात. त्याच वेळी इंजिनाच्या आवाजात त्याला कोणाशी बोलता येत नाही आणि घाटातील वळणांवर नजर रस्त्यावरून हटवता येत नाही. शरीर उघडे आणि मन बंदिस्त, अशी ही स्थिती आहे. त्यामुळे या प्रकारचे लेखन स्वाभाविकपणे आत्मसंवादाकडे वळते आणि एकटेपणा हे त्याचे प्रधान मूल्य बनते. हा एकटेपणा अनुभवाचे सत्य आहे की लेखनाची सोय आहे, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

सोबत असूनही एकटा

रॉबर्ट पर्सिग यांचे 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेन्टेनन्स' (१९७४) हे पुस्तक १९६८ मधील एका प्रवासावर आधारलेले आहे. मिनेसोटाहून निघून मोंटानाच्या पर्वतप्रदेशातून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत जाणारा निवेदक वस्तुतः एकटा नाही. त्याचा मुलगा क्रिस मागे बसलेला आहे आणि अर्ध्या वाटेपर्यंत एक मित्रदांपत्यही बरोबर आहे. तरीही गुणवत्ता, विवेक आणि यंत्र यांविषयीचे प्रदीर्घ चिंतन तो मनातल्या मनातच करतो. या पुस्तकाचे मोठेपण केवळ त्या चिंतनात नाही. शेवटच्या भागात हेल्मेट काढलेला क्रिस पायटेकूवर उभा राहून वडिलांच्या खांद्यावरून प्रथमच पुढचा रस्ता पाहतो. हजारो मैल त्याला केवळ वडिलांची पाठ दिसत होती, हे वाचकाला येथे कळते. निवेदकाच्या एकटेपणाची किंमत कोणी मोजली, याचा हिशेब ही कलाकृती स्वतःच मांडते. म्हणूनच ती आत्ममग्नतेच्या आरोपातून सुटते.

बिघाडाचे वाङ्मयीन कार्य

टेड सायमन ६ ऑक्टोबर १९७३ रोजी ५०० सीसीच्या ट्रायम्फवर लंडनहून निघाले. चार वर्षांत ४५ देशांतून सुमारे ६४,००० मैलांचा प्रवास करून त्यांनी 'ज्युपिटर्स ट्रॅव्हल्स' (१९७९) लिहिले. ते खऱ्या अर्थाने एकटे होते. परंतु पुस्तकाला गती येते ती गाडी थांबल्यावर. यंत्र बिघडते, सुटा भाग मिळत नाही, ब्राझीलमध्ये तर हेर असल्याच्या संशयावरून त्यांना कैदेत राहावे लागते. या प्रत्येक खंडामुळे त्यांना अनोळखी माणसाच्या दारात जावे लागते आणि तेथेच समाज लेखनात प्रवेश करतो. चालत्या गाडीवरचा स्वार प्रदेश पाहतो; थांबलेल्या गाडीजवळचा स्वार माणसांना भेटतो. या लेखनप्रकारात बिघाड हा केवळ अडथळा नसून कथनाचा आधार आहे, असे म्हणता येईल.

एक आवश्यक प्रतिवाद

यावरून एकटेपणा हा निव्वळ भ्रम आहे असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. एल्स्पेथ बीअर्ड या वास्तुशास्त्राच्या विद्यार्थिनीने १९८२ ते १९८४ या काळात बीएमडब्ल्यू मोटारसायकलवरून एकटीने जगप्रदक्षिणा केली. 'लोन रायडर' हे तिचे पुस्तक मात्र २०१७ मध्ये, म्हणजे तीन दशकांहून अधिक काळाने प्रसिद्ध झाले. पुरुषाने एकटे जाणे हे साहस ठरते. स्त्रीने एकटे जाण्यापूर्वी तिला त्या एकटेपणाचा हक्कच मिळवावा लागतो. तेव्हा 'कोणीही एकटे नसते' हे विधान कोणाबद्दल केले जात आहे, हे पाहिल्याशिवाय ते न्याय्य ठरत नाही.

हिमालयातील रस्ता : एक अलिखित पात्र

मनाली-लेह मार्ग आणि त्यापुढील खार्दुंग ला ही भारतीय मोटारसायकलस्वारांची जणू तीर्थक्षेत्रे झाली आहेत. या प्रवासांच्या वर्णनांत खिंडींची उंची हा ठरलेला अलंकार असतो. खार्दुंग ला येथील फलकावर १८,३८० फूट हा आकडा दीर्घकाळ झळकला. प्रत्यक्ष मोजणीनुसार ही उंची सुमारे ५,३५९ मीटर, म्हणजे १७,५८२ फूट भरते. फलकावरील मजकूर तपासून न पाहता उतरवून घेण्याची ही वृत्ती लेखनाविषयीही काही सांगून जाते. उंचीचा आकडा स्वाराचा पराक्रम मोजतो. परंतु त्या उंचीवर रस्ता कसा आला, हा प्रश्न तो विचारीत नाही.

सीमा रस्ते संघटनेची स्थापना १९६० मध्ये झाली. तिच्या अनेक रस्त्यांवर झारखंड-बिहारमधून हंगामी मजूर येतात. हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असलेल्या उंचीवर ते खडी फोडतात, डांबर तापवतात, दरड उपसतात. स्वार तेथे काही मिनिटे थांबतो आणि धाप लागल्याचे लिहितो. मजूर तेथे काही महिने राबतो. मे २०२० मध्ये टाळेबंदीत लडाखमध्ये अडकलेल्या झारखंडच्या ६० मजुरांना विमानाने रांचीला आणण्यात आले, तेव्हा हे मजूर काही काळ बातमीचा विषय झाले. प्रवासवर्णनांत मात्र ते बहुधा छायाचित्राच्या कडेला, धुराआड उभे असतात. निर्जन म्हणून ज्या रस्त्याचे वर्णन होते, तो मनुष्यश्रमानेच दरवर्षी पुन्हा उभा राहत असतो.

ऋण मान्य करणारा एकटेपणा

या संदर्भात मराठी वाचकाला गो. नी. दांडेकर यांची 'कुणा एकाची भ्रमणगाथा' आठवल्यावाचून राहत नाही. नर्मदा परिक्रमेच्या परंपरेत परिक्रमावासी एकटा चालू शकतो. पण तो भिक्षेवर आणि सदावर्तावर जगतो. आपला प्रवास इतरांनी वाढलेल्या अन्नावर होत आहे, याचे विस्मरण त्याला परवडत नाही. तेथे एकांत आणि कृतज्ञता परस्परविरोधी नाहीत. इंधनाची टाकी भरून निघालेल्या स्वाराला हे विस्मरण सहज शक्य होते, कारण पैसे दिले की ऋण फिटले असे त्याला वाटते. दोन्ही प्रवासांतील भेद केवळ पाय आणि चाक यांचा नाही, तो ऋणाच्या जाणिवेचा आहे.

निष्कर्ष

मोटारसायकलवरील एकट्या पर्वतप्रवासाचे लेखन तपासताना किती उंची गाठली आणि किती अंतर कापले, हे निकष अपुरे आहेत. क्रिसला दिसणारी पाठ, सायमन यांच्यासाठी उघडलेली दारे, बीअर्डला मिळवावा लागलेला हक्क आणि लडाखमधील मजूर यांचा एकत्रित विचार केला, तर एक वेगळा निकष हाती येतो. लेखक एकटा होता का, यापेक्षा त्याचे एकटेपण कोणाकोणाच्या आधारावर उभे होते हे त्याने पाहिले का, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. प्रवासवर्णन शिकवताना आपण विद्यार्थ्यांपुढे हा प्रश्न ठेवला, तर निसर्गवर्णनाच्या सौंदर्यात उणेपणा येणार नाही. त्या निसर्गापर्यंत नेणारा रस्ताही वाचनाचा विषय होईल.